टाक्याला चाकं फुटली

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ या म्हणीतली टाकी म्हणजे पाथरवटाची छिन्नी. संस्कृतातला ‘टंक’. दगडात टाकीने खोदलेलं ते टाकं, असं नातं कानाला तरी सहज जुळतं. कान्हेरीला जवळजवळ प्रत्येक लेण्यापुढे असं टाकं आहे. सातवाहनकाळातल्या शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटलंय. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी तर आजही पाण्याने भरलेली दिसतात.

सतराव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या इंग्रजांनी गुजराती ‘टांकुं’ आणि मराठी ‘टाकं’ ऐकलं, आणि त्यातून ‘टँक’ घडला, असं कोशकार सांगतात. पोर्तुगीज ‘तांके’चाही त्याला हातभार लागला असावा. म्हणजे उन्हाळ्यात आपण ज्या टँकरची वाट पाहतो, त्याचं नाव इथूनच बाहेर गेलं आणि ‘र’ लावून परत आलं. मला या प्रवासाचं फार अप्रूप वाटतं.

मध्ये एक वळण लढाईचंही आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटन चिलखती गाड्या गुपचूप बनवत होतं. मेसोपोटेमियासाठी पाणी वाहून नेणारी टाकी बनवतोय, अशी हूल उठवली गेली. 15 सप्टेंबर 1916 रोजी फ्रान्समधल्या सोमच्या रणांगणावर त्या गाड्या उतरल्या आणि ‘टँक’ हे नाव त्यांना कायमचं चिकटलं. आपण ‘रणगाडा’ हा सुंदर शब्द वापरतो, म्हणून हे नातं मराठीत लक्षात येत नाही.

इंग्रजीत टँकर म्हणजे आधी जहाज. कॅस्पियन समुद्राकाठच्या बाकू शहराचं तेल पूर्वी पिंपांतून जायचं. 1878 मध्ये लुडविग नोबेल यांनी कॅस्पियन समुद्रात ‘झोरोअॅस्टर’ हे जहाज आणलं, ज्याच्या पोटातच टाक्या होत्या. पुढे ही जहाजं इतकी वाढली की 1979 चं ‘सीवाइज जायंट’ 458 मीटर लांब झालं. गुजरातेतल्या अलंगच्या किनाऱ्यावर ते शेवटी तोडलं गेलं. हवेत दुसऱ्या विमानांना इंधन पाजणारं विमान, तेही टँकरच. भारतीय हवाई दलाकडे त्यासाठी इल्यूशिन-78 आहेत.

रस्ता असो, समुद्र असो की आकाश, या सगळ्यांची अडचण एकच. टाक्यातलं पाणी गप्प बसतं, टँकरमधलं बसत नाही. ते हिंदकळतं.

काठोकाठ भरलेला टँकर जड असतो, पण त्यातल्या पाण्याला हलायला जागाच नसते. रिकामा हलका असतो. खरा धोका अर्धवट भरलेल्याचा. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये निम्मं पाणी असेल तर ते पाच टन वजन आहे. ब्रेक दाबला की गाडी थांबते, पाणी मात्र पुढे धावतं आणि पुढच्या पत्र्यावर आदळून गाडीला ढकलतं. घाटात वळण घेताना तेच पाणी बाहेरच्या बाजूला चढतं, गुरुत्वमध्य तिकडे सरकतो आणि गाडी कलंडते. म्हणून टँकरच्या आत आडवे पडदे असतात, भोकं पाडलेले. पाणी भोकांतून जातं, पण लाटेचा जोर मोडतो. दूरवरून पाणी आणणाऱ्या बाया हंड्यात डहाळी टाकतात, तीही लाटच मोडते. दुधाच्या टँकरमध्ये मात्र पडदे अडचणीचे ठरतात, कारण कोपऱ्यांत दूध साचून धुणं अवघड होतं. तिथे चालकाच्या हाताचं कसब लागतं.

जहाजात पडदे नव्हे, अखंड भिंती लागतात. टाकीच्या रुंदीच्या मधोमध, लांबीच्या दिशेने एक भिंत घातली, की डचमळणाऱ्या पृष्ठभागामुळे स्थैर्यात होणारी घट अर्ध्यावर नाही, थेट चौथ्या हिश्शावर येते! रुंदीच्या घनाशी हा हिशोब बांधलेला असल्याने रुंदी निम्मी झाली की प्रत्येक अर्ध्यात आठवा हिस्साच राहतो, आणि दोन अर्धे मिळून पावच उरतो.

पेट्रोलच्या टँकरला आणखी एक पथ्य आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं तर बारा हजार लिटर पेट्रोल शंभर लिटरहून जास्त फुगतं. म्हणून वर जागा राखूनच भरतात. मागे लिहिलेला 1203 हा आकडा म्हणजे पेट्रोल, 1202 म्हणजे डिझेल, 1075 म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. अपघात झालाच, तर अग्निशमन दल दुरूनच हा आकडा वाचतं.

मराठीत मात्र टँकर म्हटलं की आधी पाणीच आठवतं. ‘टँकरमुक्त गाव’, ‘टँकरवाडा’ हे शब्द आपणच घडवले, आणि त्यांच्यामागे किती जणींच्या खेपा आहेत हे वेगळं सांगायला नको. एप्रिल 2016 मध्ये लातूरला तर रेल्वेने पाणी गेलं. ‘जलदूत’च्या दहा टाकी-वाघिणींतून मिरजेचं पाच लाख लिटर पाणी पहिल्या खेपेला पोचलं.

गावात टँकर आला की चालक आधी वर चढून झाकण उघडतो. झाकण बंद असेल तर खालचा कॉक सोडूनही धार अडखळते, कारण निघालेल्या पाण्याची जागा घ्यायला हवा आत येत नाही. पंप लावून ओढलं तर बाहेरच्या हवेच्या दाबाने पत्रा आत चेपूही शकतो. झाकण उघडलं, हवा शिरली, की जाड पाइपातून पाणी विहिरीत कोसळू लागतं, आणि काठावर पोहरे आधीच सोडलेले असतात.