मूर्तिजापूर जंक्शन: लहान लाइन, मोठी लाइन आणि मधला फलाट

अकोला आणि बडनेऱ्याच्या जवळजवळ मध्यावर, मुंबई-भुसावळ-नागपूर मार्गावर मूर्तिजापूर आहे. तालुक्याच्या या गावाला 'जंक्शन' हे बिरुद मिळाले ते इथून फुटणाऱ्या दोन अरुंद रुळमार्गांमुळे. एक उत्तरेला दर्यापूर आणि अंजनगाव सुर्जीवरून अचलपूरला जाणारा, ७६ किलोमीटरचा. दुसरा दक्षिणेला कारंजा आणि दारव्ह्यावरून यवतमाळला जाणारा, ११३ किलोमीटरचा. वऱ्हाडात या गाडीला सगळे शकुंतलाच म्हणतात. दोन्ही मार्गांवरची वाहतूक आज बंद आहे. हे मार्ग ब्रॉडगेज म्हणजे मोठ्या रुळांचे करण्याची चर्चा निघाली की मात्र हे जंक्शन मुळात कशावर चालत होते, ही बाजू बाजूलाच राहते. ती माहीत असल्याशिवाय नव्या मार्गाकडून नेमके काय मागायचे हे ठरणार नाही.

सुरुवात कापसापासून. १८५३ साली निजामाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाला अचानक भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे म्हणजे जीआयपी १८६७ साली नागपूरला पोचली. ही मोठी लाइन पूर्णेच्या खोऱ्यातून सपाट जागा धरून गेली, त्यामुळे कापसाच्या जुन्या पेठा तिच्यापासून दूर राहिल्या. जलंबहून खामगावला आणि बडनेऱ्याहून अमरावतीला मोठ्या रुळांचे छोटे फाटे लगेच काढले गेले. कारंजा, दारव्हा, यवतमाळ, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर या पेठांना मात्र बैलबंडीशिवाय साधन नव्हते.

बंडीत सुटा कापूस सात-आठ क्विंटल मावतो. बैल दिवसाला २५-३० किलोमीटर चालतात, तेही रस्ता कोरडा असेल तर. काळ्या मातीत एक चांगला पाऊस झाला की चाक तुंब्यापर्यंत रुतते. अशा वाटेने यवतमाळचा माल मूर्तिजापूरला आणायचा म्हणजे चार-पाच दिवस मोडत. ही अडचण ओळखून किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने १९१० साली सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. रूळ कंपनीचे आणि गाड्या जीआयपीने चालवायच्या, उत्पन्नातला वाटा कंपनीला, अशी व्यवस्था होती. पुलगाव-आर्वी हा ३५ किलोमीटरचा फाटाही त्याच घरचा.

रूळ अरुंद का? खर्चासाठी. मोठ्या लाइनच्या दोन रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर, या लाइनचे ७६२, म्हणजे निम्म्याहून कमी. भराव अरुंद, पूल हलके, वळणे जास्त तीव्र घेता येतात, इंजिन लहान चालते. थोड्या भांडवलात जास्त लांबीची लाइन होते. त्याची किंमत एकाच जागी मोजावी लागते: अरुंद लाइनची वाघिण म्हणजे मालडबा मोठ्या लाइनवर जाऊ शकत नाही, म्हणून मालाचा प्रत्येक नग उतरवून पुन्हा चढवावा लागतो. ती जागा म्हणजे मूर्तिजापूर.

या मधल्या फलाटावरच्या कामाचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. पाच क्विंटल कापूस जिनिंगमध्ये घातला की साधारण १७० किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. १७० किलो रुई म्हणजे आजच्या मापाची एक गाठ. म्हणून जिनिंग-प्रेसिंग पेठेतच होणे फायद्याचे होते. वजन तिसऱ्या हिश्श्यावर येते, प्रेसमुळे आकार लहान होतो आणि गाठ मोजता येते, तिच्यावर मार्का-नंबर घालता येतो. सुटी रुई लाइन बदलताना उडते, भिजते, तिच्यात धूळ-कचरा मिसळतो आणि प्रत उतरते. तरीही गाठीला जपावे लागेच. हमालाचा आकडा गाठीच्या पट्टीऐवजी तिच्या तागाच्या कापडात रुतला की कापड फाटून रुई बाहेर येते. गाठ ओल्या जमिनीवर टेकली तर खालची बाजू ओल धरते आणि डागी पडते. वाफेच्या इंजिनाची ठिणगी हा तर कायमचा धोका, म्हणून गाठी ताडपत्रीखाली आणि इंजिनाच्या वाटेपासून लांब ठेवायच्या.

मोठी अडचण व्हायची ती वाघिणींच्या मेळाची. लहान लाइनची गाडी माल घेऊन आली आणि मोठ्या लाइनवर रिकाम्या वाघिणी नसल्या की गाठी फलाटावर पडून राहणार. वाघिणी आल्या आणि लहान गाडी उशिरा आली तर मोठ्या लाइनच्या वाघिणी अडकून राहणार. दिवाळीपासून होळीपर्यंतच्या हंगामात हा मेळ रोज बसवावा लागे. हमाल, मुकादम, मालबाबू, दलाल, अडत्या, चहावाला, टांगेवाला असा मूर्तिजापूरचा सगळा स्टेशन-परिसर या अदलाबदलीवर जगला. ज्या कामाला रेल्वेच्या हिशेबात खोळंबा म्हणतात, त्यावर या गावाची चूल पेटत होती.

प्रवाशांचेही तेच. अंजनगावची पानपिंपरी आणि विड्याची पाने, दर्यापूरचे विद्यार्थी, कारंज्याला गुरुमंदिरात जाणारे दत्तभक्त, बहिरमच्या यात्रेचे लोक, सगळ्यांचे वाक्य एकच: मूर्तिजापूरला गाडी बदलायची. गाडगेबाबांचे बालपण जवळच्या दापुरीत गेले आणि त्यांचे गोरक्षण मूर्तिजापुरातच आहे, त्यामुळे त्या निमित्तानेही इथे उतरणारे असत.

गाडीचा वेग बेताचाच. ताशी २० किलोमीटरने धरला तरी यवतमाळचे ११३ किलोमीटर कापायला साडेपाच तासांहून जास्त निव्वळ धावण्याचे, त्यात थांबे वेगळे. मूर्तिजापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर आणि यवतमाळ ४५० च्या आसपास, म्हणजे जाताना चढ. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले झेडडी वर्गाचे वाफेचे इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत या लाइनवर होते, त्यानंतर डिझेल आले. शेवटच्या काळात मोजकी माणसे सगळी गाडी चालवत. तिकीट देणारा, इंजिन जोडणारा-सोडणारा, फाटक लावणारा तोच. फाटकाशी गाडी थांबायची, माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की फाटक उघडून पुन्हा चढायचा. प्रत्येक फाटकाला काही मिनिटे जायचीच. गरिबाला मात्र ही गाडी एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त पडत असे आणि बाजाराच्या दिवशी डोक्यावरचे गाठोडे घेऊन चढता येई. तिच्या संथपणाची थट्टा करणाऱ्यांनी हे विसरू नये.

मग ती बंद का पडली? ट्रक आणि एसटीने माल-माणसे ओढली हे खरे, पण ते अर्धेच कारण. दुसरे कारण मालकीत आहे. १९५१ साली मध्य रेल्वे झाली, बाकीचे मार्ग सरकारी झाले, ही लाइन मात्र खासगी कंपनीकडेच राहिली आणि रेल्वे कराराने ती चालवत राहिली. 'अजून ब्रिटिशांची आहे' असे अनेकदा छापून येते, ते बरोबर नाही. किलिक निक्सन स्वातंत्र्यानंतर भारतीय हातांत गेली. खरा प्रश्न वेगळा होता. दुसऱ्याच्या रुळांवर रेल्वे पैसा का घालील, आणि ठरलेला वाटा मिळत असताना कंपनी तरी का घालील? या कात्रीत स्लीपर कुजले, खडी कमी पडत गेली. पूर्णाकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. अशा भरावावर खडीचा थर पातळ झाला की खडी मातीत रुतते, एक रूळ खचतो, दोन्हींची पातळी बिघडते आणि मग वेग उतरवण्याखेरीज इलाज राहत नाही. वेग उतरला की प्रवासी तुटतात, प्रवासी तुटले की खर्च करायला कारण उरत नाही.

२०१६ साली तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या काळात यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरच्या ब्रॉडगेजसाठी १,५०० कोटी रुपयांची घोषणा झाली. हे काम म्हणजे जुने रूळ सरकवून रुंद करणे नव्हे. ब्रॉडगेजच्या एकेरी मार्गाला भराव माथ्यावर सुमारे ७.८५ मीटर रुंद लागतो आणि आता पूल २५ टन आसभाराच्या (एका आसावर येणाऱ्या वजनाच्या) हिशेबाने बांधतात. जुन्या अरुंद भरावाला आणि हलक्या पुलांना ते पेलणारे नाही. पूर्णेवरचा पूल नव्यानेच लागेल, काळ्या मातीवर मुरमाचा जाड थर लागेल, तीव्र वळणे सरळ करावी लागतील आणि त्यासाठी जमीन. फाटकांऐवजी भुयारी रस्ते येतील. काळ्या मातीच्या भागात त्यांत पावसाळ्यात पाणी तुंबते, तेव्हा निचऱ्याची सोय आराखड्यातच मागून घ्यायला हवी. नाहीतर नंतर शेतकऱ्याची बंडी आणि ट्रॅक्टर महिनाभर अडकतात.

मधल्या काळात नकाशाही बदलला. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या ब्रॉडगेज मार्गातला वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. हा मार्ग पुढे यवतमाळला पोचला की नागपूरकडे जाणारा यवतमाळकर वर्ध्याचीच वाट धरणार. परतवाडा-अचलपूरचा प्रवासी आज बहुधा अमरावती-बडनेऱ्याची वाट धरतो. मूर्तिजापूरवर खऱ्या अर्थाने अवलंबून उरतात ते कारंजा, दारव्हा, दर्यापूर आणि अंजनगाव. त्यांना मुंबईकडे जायचे असते. म्हणून नवा फाटा मूर्तिजापूरच्या यार्डात कोणत्या तोंडाने जोडला जातो, याला महत्त्व आहे. अकोल्याकडे तोंड करून सरळ शिरता आले तर कारंज्याचा डबा किंवा मालगाडी थेट भुसावळकडे निघेल. जोडणी फक्त बडनेऱ्याकडे तोंड करणारी झाली तर प्रत्येक वेळी इंजिन काढून उलट्या टोकाला लावावे लागेल, मुख्य मार्गावर जागा अडेल आणि गर्दीच्या मार्गावर अशा गाडीला वेळ मिळणे अवघड होईल. तोवर निदान एसटीच्या कारंजा आणि दर्यापूर फेऱ्या गाड्यांच्या वेळांशी जुळवणे आणि त्या स्टेशनाच्या दारातून सोडणे हे रूळ टाकण्याआधीही करता येण्यासारखे आहे.