महिलांसाठी व्यवसाय-शिक्षण शिष्यवृत्ती

वाणिज्य, वित्त, लेखा, विपणन, मनुष्यबळ व्यवस्थापन अशा विषयांत पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलींना व स्त्रियांना मिळणारे अर्थसाहाय्य. शासन, विद्यापीठे, उद्योगसमूह, धर्मादाय न्यास आणि नोकरी-व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांच्या संघटना असे साहाय्य देतात. कुठे गुणांना वजन असते, कुठे घरच्या उत्पन्नाला, तर कुठे उद्योगक्षेत्रात जाण्याच्या इच्छेला. या सगळ्या योजनांचे मोल ठरवताना पहिल्यांदा रक्कम पाहिली जाते. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की तो पैसा कशासाठी वापरता येतो. शिकवणी शुल्क माफ झाले तरी खोलीचे भाडे, खाणावळ, प्रवास आणि लॅपटॉप यांचा खर्च उरतोच. मुलीला परगावी पाठवायचे की नाही, हे बऱ्याच घरांत याच खर्चावर ठरते.

पार्श्वभूमी

उच्च शिक्षणाच्या वाटांपैकी वैद्यक आणि अध्यापन या वाटा स्त्रियांसाठी तुलनेने लवकर मोकळ्या झाल्या. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी सुरू केलेल्या निधीच्या सुरुवातीच्या मानकऱ्यांत फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर या दोन स्त्री-डॉक्टर होत्या. व्यापार-उद्योगाचे शिक्षण मात्र दीर्घकाळ पुरुषांचेच मानले गेले. कारकून, टंकलेखक, हिशेबनीस म्हणून बाईने काम करायला फारशी हरकत नव्हती. पेढी चालवणारी, कर्ज उचलणारी, माणसे नेमणारी बाई समाजाच्या कल्पनेत बसत नव्हती.

अमेरिकेत हे फार स्पष्ट दिसते. हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ मध्ये सुरू झाले. स्त्रियांसाठी १९३७ पासून शेजारच्या रॅडक्लिफ महाविद्यालयात कर्मचारी-व्यवस्थापनाचा वेगळा, सुमारे वर्षभराचा अभ्यासक्रम होता. शिकवायला पुष्कळदा हार्वर्डचेच प्राध्यापक असत, पण एमबीएची पदवी मिळत नसे. १९५९ पासून हा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांना एमबीएच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू लागला. पहिल्या वर्षाच्या वर्गात पुरुषांबरोबर आठ स्त्रिया बसल्या त्या १९६३ मध्ये. म्हणजे संस्था स्थापन झाल्यानंतर पंचावन्न वर्षांनी.

पदवी मिळवूनही पुढे भांडवलाचा दरवाजा बंदच असे. पत देताना स्त्री म्हणून किंवा विवाहित म्हणून भेदभाव करण्यास अमेरिकेत कायद्याने बंदी आली १९७४ मध्ये. तरीही व्यवसायासाठी कर्ज घेणाऱ्या स्त्रीकडून घरच्या पुरुषाची सही मागण्याची मुभा काही राज्यांच्या कायद्यांत उरली होती. ती १९८८ च्या कायद्याने काढून टाकली. स्त्रियांच्या संघटनांनी आपल्या निधीतून व्यवसाय-शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या का काढल्या, हे या तारखांवरून कळते.

झोंटा आणि क्लाउसमन शिष्यवृत्ती

या प्रकारातली एक महत्त्वाची शिष्यवृत्ती झोंटा इंटरनॅशनल या संघटनेची आहे. न्यू यॉर्क राज्यातील बफलो शहरात ८ नोव्हेंबर १९१९ रोजी झोंटाची स्थापना झाली. पुढाकार होता पत्रकार आणि नाटककार मॅरियन डी फॉरेस्ट यांचा. रोटरीसारख्या क्लबांची दारे त्या काळी स्त्रियांना बंद होती. आपापल्या क्षेत्रात जबाबदारीच्या पदावर असलेल्या स्त्रियांनी म्हणून स्वतःचे क्लब उभे केले. १९२७ मध्ये कॅनडात आणि १९३० मध्ये युरोपात संघटनेचे क्लब निघाले. विमानचालक अमेलिया इअरहार्ट झोंटाच्या सभासद होत्या. त्यांच्या नावाने १९३८ मध्ये सुरू झालेली हवाई-अंतराळ विज्ञानातील अभ्यासवृत्ती हा झोंटाचा या कामातला जुना अनुभव.

व्यवसाय-शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती त्यानंतर साठ वर्षांनी, १९९८ मध्ये, सुरू झाली. जेन एम. क्लाउसमन या न्यू यॉर्क राज्यातल्या सिराक्यूस क्लबच्या सभासद. १९९० ते १९९५ या काळात त्या संघटनेच्या आंतरराष्ट्रीय पातळीवर सभा-नियमांच्या सल्लागार होत्या. त्यांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या रकमेतून हा निधी उभा राहिला आणि त्यांचेच नाव त्याला दिले गेले. स्त्रीने कमावलेली, साठवलेली आणि स्वतःच्या निर्णयाने पुढच्या पिढीच्या हाती दिलेली ही मालमत्ता आहे. कर्जासाठी स्त्रीकडून घरच्या पुरुषाची सही मागता येत असे, ते दिवस तेव्हा फार मागे पडलेले नव्हते. म्हणून या देणगीचे महत्त्व रकमेपुरते मोजता येत नाही.

निवड तीन पायऱ्यांनी होत आली आहे. अर्जदार आधी स्थानिक क्लबकडे अर्ज करते. क्लब आपल्या पसंतीचा अर्ज जिल्ह्याकडे पाठवतो. झोंटाचा ‘जिल्हा’ म्हणजे अनेक क्लबांचा प्रादेशिक गट, त्यात कधी एकाहून अधिक देश येतात. भारत, बांगलादेश, नेपाळ आणि श्रीलंका मिळून पंचविसावा जिल्हा होतो. जिल्ह्यात पहिल्या आलेल्या अर्जदारांमधून आंतरराष्ट्रीय समिती शेवटची निवड करते. रकमा वेळोवेळी बदलल्या आहेत. मधली काही वर्षे जिल्हा पातळीवर २,००० आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर ८,००० अमेरिकी डॉलर मिळत. काही क्लब आपल्या पातळीवरही वेगळी रक्कम देतात.

अर्जासोबत शिक्षणाची कागदपत्रे आणि शिफारसपत्रे लागतात. शिवाय एक निबंध असतो, त्यात आपण हे शिक्षण का घेतो आहोत आणि पुढे व्यवसायात काय करायचे आहे हे अर्जदाराने स्वतः मांडायचे. सभासद आणि त्यांचे जवळचे नातलग यांना अर्ज करता येत नाही. वयाची अट नाही. ही शेवटची बाब लहान वाटली तरी फार मोलाची आहे. लग्न, बाळंतपण किंवा घरातल्या आजारपणामुळे शिक्षण सुटलेली स्त्री पस्तिशीत पुन्हा वर्गात आली, तर वयोमर्यादेच्या बहुतेक योजना तिला दारातच अडवतात. दुसरी गोष्ट म्हणजे हा पैसा शुल्काबरोबर पुस्तके आणि राहण्याखाण्याच्या खर्चासाठीही वापरता येतो. ज्यांनी हे नियम केले, त्यांना विद्यार्थिनीच्या महिन्याच्या हिशेबाची जाण होती असे म्हणायला हवे.

उद्योगांच्या पुढाकारातून

२००१ मध्ये अमेरिकेत काही मोठ्या कंपन्या आणि बिझनेस स्कूल यांनी एकत्र येऊन फोर्टे फाउंडेशन स्थापन केले. वैद्यक आणि कायद्याच्या वर्गांत स्त्रिया निम्म्याच्या जवळ पोहोचत असताना एमबीएच्या वर्गात त्या तीस टक्क्यांच्याही खाली होत्या, हे त्यामागचे कारण. फोर्टेशी संलग्न संस्था निवडलेल्या विद्यार्थिनींना अभ्यासवृत्ती देतात. त्याबरोबर माजी विद्यार्थिनींचा संपर्क आणि नोकरी देणाऱ्या कंपन्यांची ओळखही मिळते. या संस्थांच्या पूर्णवेळ एमबीए वर्गांत स्त्रियांचे प्रमाण अलीकडे चाळीस टक्क्यांच्या पुढे गेले आहे. गोल्डमन सॅक्सने २००८ मध्ये जाहीर केलेल्या ‘१०,००० विमेन’ या उपक्रमाची दिशा वेगळी होती. त्यात आधीच धंदा करणाऱ्या स्त्रियांना व्यवस्थापनाचे प्रशिक्षण दिले गेले. भारतात हैदराबादची इंडियन स्कूल ऑफ बिझनेस त्यात सहभागी होती.

कंपन्यांनी यात पैसे घालण्यामागे त्यांची गरजही आहे. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री असणे बंधनकारक झाले. मंडळापर्यंत पोहोचू शकतील अशा स्त्रिया घडायला वीस-पंचवीस वर्षे जातात, आणि त्याची सुरुवात पदवीच्या वर्गात होते.

महाराष्ट्रात

राज्यात केवळ व्यवसाय-शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी वेगळी शासकीय शिष्यवृत्ती नाही. व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम व्यावसायिक शिक्षणाच्या सर्वसाधारण योजनांत येतात. त्यांतली जुनी म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. तिच्यात पात्र विद्यार्थ्यांचे निम्मे शुल्क शासन देते. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने मुलींसाठी ही सवलत शंभर टक्के केली. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे शिकवणी व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून शासन भरते. त्याच वर्षी बीबीए, बीएमएस हे पदवी अभ्यासक्रमही राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या कक्षेत आले. त्यामुळे या निर्णयाचा लाभ व्यवस्थापनाकडे वळणाऱ्या मुलींना बारावीनंतर लगेच मिळण्याची वाट खुली झाली.

निर्णय मोठा आहे आणि त्याचे मनापासून स्वागत करायला हवे. पण त्याच्या कडा माहीत असणे गरजेचे आहे. प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच, मिळालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातला, म्हणजे संस्थेने स्वतः भरलेल्या जागेवरचा, चालत नाही. अभिमत (डीम्ड) आणि खासगी विद्यापीठे योजनेबाहेर आहेत. मुंबई-पुण्यातल्या नावाजलेल्या व्यवस्थापन संस्थांपैकी काही अभिमत विद्यापीठांच्या असल्याने त्या आपोआप वगळल्या जातात. प्रवेश परीक्षेच्या क्लासची फी, मुलाखतीचा प्रवास, वसतिगृहाची अनामत यांतले काहीच त्यात धरलेले नाही. राहण्याच्या खर्चासाठी वेगळ्या योजना आहेत. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आणि इतर मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना ही त्यांतली मुख्य नावे. आधार योजनेत मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. प्रत्येकीचे निकष वेगळे असतात, त्यामुळे एकाच मुलीला दोन-तीन ठिकाणी अर्ज करावा लागू शकतो.

अर्जाचा प्रवासही समजून घेण्यासारखा आहे. फॉर्म महाडीबीटी या राज्य शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवर भरायचा असतो. त्याला उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, प्रवर्गानुसार जातीचा दाखला व नॉन-क्रीमी लेयर, मागच्या परीक्षेची गुणपत्रिका, कॅपचे प्रवेशपत्र आणि मध्ये वर्ष गेले असेल तर गॅप प्रमाणपत्र जोडावे लागते. दाखल्यांसाठी सेतू केंद्रात किंवा तहसील कार्यालयात अर्ज करावा लागतो, आणि प्रवेशाच्या हंगामात तिथे गर्दी उसळते. बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर मंजूर झालेला पैसाही अडकून राहतो. महाविद्यालयातल्या पडताळणीत फॉर्म परत आला, तर त्रुटी दुरुस्त करून मुदतीत पुन्हा पाठवायचा. घरातली पहिलीच मुलगी महाविद्यालयात जात असेल, तर यातले बरेच तिला मैत्रिणींकडून किंवा महाविद्यालयातल्या शिष्यवृत्ती विभागातल्या एखाद्या मनमिळाऊ लिपिकाकडून कळते. ज्या महाविद्यालयांत प्रवेशाच्या दिवशीच फॉर्म भरून घ्यायला माणूस बसवतात, तिथल्या मुलींचे पैसे बुडण्याची भीती पुष्कळ कमी होते. त्यासाठी नव्या शासन निर्णयाचीही गरज नाही, आणि हे सर्वत्र व्हायला हवे.

स्त्रियांसाठी स्वतंत्र व्यवस्थापन शिक्षणाची परंपराही राज्यात आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे त्याचे नाव त्या देणगीतूनच आले. याच विद्यापीठाने १९९७ मध्ये मुंबईत जानकीदेवी बजाज व्यवस्थापन संस्था सुरू केली. तिथे फक्त स्त्रियांना प्रवेश मिळतो. मुलीने घराबाहेर राहून शिकायला घरचे तयार नसतात, तेव्हा स्त्रियांची संस्था आणि तिचे वसतिगृह या गोष्टींनी अनेकदा होकार मिळतो.

साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवड येथे वेगळेच काम उभे राहिले. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने तिथल्या स्त्रियांनी सहकारी बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा सभासद निरक्षर असल्याच्या कारणाने रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका पुन्हा गेल्या, हिशेब तोंडी करून दाखवण्याची तयारी दाखवली, आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे याच कामातून ग्रामीण स्त्रियांसाठी व्यवसाय-शाळा निघाली. पदवी आणि प्रवेश परीक्षा ज्यांच्या वाट्याला आलीच नाही अशा स्त्रिया तिथे किंमत ठरवणे, माल ठेवणे, कर्जाचे हप्ते आखणे शिकतात. बसमधून गावोगाव फिरणारी शाळाही माणदेशीने चालवली आहे, त्यामुळे तालुक्याच्या गावापर्यंत येण्याचे भाडे आणि बुडणारी मजुरी यांतून शिकणारीची सुटका होते.