बेकन-भाजी घातलेला बटाट्याचा मॅश : आधी पाणी काढा

आमच्याकडून बेकनचं पाकीट आणि बटाटा-भाजीची पिशवी एकत्र नेणाऱ्यांसाठी हा कागद आहे. दिवाळी झाली, निफाडकडचा पारा खाली यायला लागला की दुकानात रोज कोणी ना कोणी विचारतंच की मॅश कसा करायचा, आणि ज्यांनी आधी करून बघितलाय त्यांची तक्रार दोनपैकी एक असते, पातळ झाला नाहीतर चिकट झाला. काउंटरवर गर्दीत हे नीट सांगता येत नाही, मागे लोक खोळंबतात, म्हणून लिहून दिलंय. फ्रीजच्या दाराला लावून ठेवा.

तर मॅश बिघडतो तो पाण्याने. बटाट्यातलं पाणी, भाजीतलं पाणी आणि बेकनमधलं पाणी, ही तीन पाणी सांभाळली की बाकी यात काही अवघड नाही, मसाला तर जवळपास नाहीच. नेदरलँड्समध्ये हा थंडीतला रोजचा घरगुती पदार्थ आहे, स्टाम्पॉट म्हणतात त्याला, बटाट्यात केल (कोबीच्या जातीचा हिरवा पाला) नाहीतर गाजर-कांदा नाहीतर आंबवलेला कोबी कुटायचा आणि वर बेकनचे तुकडे किंवा स्मोक्ड सॉसेज. आयर्लंडमध्ये कोबी किंवा केल घालून करतात तो कोलकॅनन, कांद्याची पात घातली की चॅम्प. गाजर-कांदावाल्याची एक गोष्ट सांगतात, त्याला हुट्सपॉट म्हणतात. नेदरलँड्समधल्या लायडन शहराला स्पॅनिश फौजेचा वेढा पडला होता तो ३ ऑक्टोबर १५७४ ला उठला, आणि पळालेल्या फौजेच्या छावणीत उपाशी गावकऱ्यांना या रश्शाचं भांडं सापडलं असं म्हणतात. आजही तिथे दर ३ ऑक्टोबरला हुट्सपॉट खातात. गंमत म्हणजे त्या भांड्यात बटाटा असणं शक्यच नाही, तेव्हा तो तिकडे कोणी खात नव्हतं, पार्सनिप नावाचं पांढरं कंद असायचं, बटाटा नंतर आला आणि त्याची जागा घेऊन बसला.

चार जणांना पोटभर होईल असं माप : बटाटे १ किलो, भाजी साधारण ४०० ग्रॅम, बेकन १५० ते २०० ग्रॅम, बटर ५० ग्रॅम, दूध पाऊण कप (सगळं लागेलच असं नाही), मीठ, मिरपूड, आणि जायफळ. जायफळ किसून अगदी चिमूटभर, श्रीखंडासाठी आणलेलं डब्यात पडलेलं असतंच ते. लाल तिखट, हळद, गरम मसाला काही नको, हवीच असेल तर एखादी हिरवी मिरची बेकनच्या चरबीत परतून घ्या, आम्हीही घेतो.

बटाटा कुठला ते सगळ्यात महत्त्वाचं. भाजीवाल्याला जात विचारली तर तो नवा की जुना एवढंच सांगतो, फार तर इंदोरी नाहीतर तळेगाव, आणि तेवढ्यावर भागवायचं. थंडी संपताना येतो तो पातळ सालीचा, नखाने साल निघणारा नवा बटाटा रस्सा भाजीला छान, मॅशला नाही, त्यात पाणी जास्त आणि पीठ कमी. मॅशला जाड सालीचा, कोरडा, पिठूळ लागतो. खात्री करायची असेल तर एक जुनी युक्ती आहे, १ वाटी मीठ ११ वाट्या पाण्यात विरघळवा आणि त्यात बटाटा सोडा, बुडाला तर पिठूळ, तरंगला तर पाणचट. रोज करायची गरज नाही, नवीन पोतं घेतलं की एकदा बघायचं, आम्ही माल उतरवताना हेच करतो. हिरवट झालेला किंवा मोड आलेला बटाटा पिशवीत आला तर सरळ परत आणून द्या, बदलून मिळेल, हिरव्या भागात सोलानिन नावाचं विष असतं आणि ते उकडून जात नाही. आणि बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नका, थंडीत त्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते आणि मॅश गुळचट लागतो. अंधारात, हवेशीर, कांद्यापासून लांब.

उकडायचं कसं. पातेल्यात करणार असाल तर साल काढून लिंबाएवढे सारखे तुकडे करा, गार पाण्यात घाला, मीठ टाका आणि मग गॅस लावा, उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरून लगदा आणि आतून कच्चे राहतात. उकळी आल्यावर पंधरा-वीस मिनिटं, सुरी टोचली की बटाटा आपोआप सुटून खाली पडला पाहिजे. कुकरला लावणार असाल (आणि तुम्ही कुकरलाच लावणार हे आम्हाला माहितीय) तर बटाटे थेट पाण्यात नका टाकू, खाली पाणी, वर भांडं, भांड्यात सालीसकट अख्खे बटाटे आणि त्या भांड्यात थेंबभरही पाणी नाही. तीन शिट्ट्या, मग वाफ आपोआप जाऊ द्या आणि गरम असतानाच सोला, हात भाजतात म्हणून फडक्यात धरून.

आता जी पायरी सगळे गाळतात ती. पाणी काढून टाकलं की बटाटे परत त्याच कोरड्या पातेल्यात घ्या आणि मंद गॅसवर एक-दोन मिनिटं हलवत रहा. आधी भरपूर वाफ निघते, मग वाफ कमी होते, बटाट्याच्या कडा पांढऱ्या, पिठूळ, भुसभुशीत दिसायला लागतात आणि पातेल्याच्या तळाला एक पातळ पापुद्रा धरतो. तो दिसला की बंद. हा पापुद्रा म्हणजे पाणी गेल्याची पावती, करपलं समजून घाबरू नका.

लगेच गरम गरम कुटा, गार झाला की गुठळ्या मोडत नाहीत. पावभाजीचा मॅशर चालतो, पण घरात पुरणयंत्र असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही, होळीनंतर माळ्यावर टाकलेलं असतं ते काढा, मोठ्या भोकांची जाळी लावा आणि बटाटा त्यातून फिरवा, एक गुठळी राहत नाही. परदेशात याच कामाला वेगळं यंत्र विकत घेतात लोक. मिक्सर मात्र नाही. दुकानात प्रत्येक काकू विचारतात, मिक्सरला एकदाच फिरवला तर चालेल ना, नाही चालणार काकू, मिक्सरच्या पात्याने बटाट्याच्या पेशी फुटतात, आतला शिजलेला स्टार्च बाहेर येतो आणि मग जे होतं ते ताणलं तर तार येते, त्याला परत मॅश करायचा काहीच उपाय नाही. हॅण्ड ब्लेंडरचंही तेच.

आधी बटर, ते मुरलं की मग दूध, आणि दूध गरमच, थोडं थोडं. मीठ आत्ता नाही. अमूलचं नेहमीचं बटर मीठवालं असतं, बेकन तर मिठातच मुरवलेलं असतं, त्यामुळे सगळं एकत्र झाल्यावर चव बघून मगच मीठ, बऱ्याचदा लागतच नाही.

भाजीचं म्हणाल तर तिचा स्वभाव बघून घालायची. गाजर आणि कोबी बटाट्यासोबतच उकडता येतात, फक्त गाजर शिजायला वेळ घेतं म्हणून ते बटाट्यापेक्षा बारीक कापा, आणि थंडीत आपल्याकडे येतं ते लाल गाजर घातलं तर मॅश गुलाबी आणि बराच गोड होतो, पोरांना आवडतो, मोठ्यांसाठी नारिंगी गाजर बरं. मटार, मशरूम, फ्लॉवर वेगळे परतून घ्या, मशरूम तर पाणी पूर्ण आटून तांबूस होईपर्यंत. पात असेल तर चिरून त्याच गरम दुधात दोन मिनिटं उकळा आणि दुधासकट ओता, चॅम्प असाच करतात. पालक शिजवून घालणार असाल तर गार करून मुठीत घट्ट पिळा, जुडीभर पालकाचा लिंबाएवढा गोळा राहतो, तेवढाच राहायला हवा.

पण आमचं मत विचाराल तर बेकनसोबत मेथी. हॉलंडमध्ये एंडाइव्ह नावाचा कडवट पाला कच्चाच बारीक चिरून गरम बटाट्यात मिसळतात, वाफेने तो अर्धवट मरतो, अर्धा करकरीत राहतो. आपल्याकडे ते काम कोवळी मेथी करते. बुधवारी गंगेवरच्या (म्हणजे गोदाकाठच्या) बाजारात मिळते ती लहान पानांची बघून घ्या, पानं खुडून, धुऊन, फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करा (परत पाणी!), बारीक चिरा आणि गॅस बंद केल्यावर मिसळा. बेकनचा खारट धूर, बटाट्याचा गोडवा आणि मध्येच येणारा मेथीचा कडवटपणा, हे एकदा जमलं की कोबीकडे कोणी बघत नाही. टोमॅटो आणि दुधी घालू नका, नुसतं पाणी आहे. शेपू घालू नका, घातलात तर आम्हाला सांगू नका.

आता बेकन. आम्ही देतो ते पोटाकडच्या मांसाचं, चरबीचे पट्टे असलेलं, मीठ आणि नायट्राइटमध्ये (मांस टिकवणारा क्षार) मुरवून धूर दिलेलं. धूर दिला म्हणजे शिजलं असं नाही, ते कच्चंच आहे, तसंच खायचं नाही. नायट्राइटमुळे शिजल्यावरही गुलाबी राहतं, त्यामुळे रंगावर जाऊ नका.

पाकीट आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, ओट्यावर ठेवून वितळवू नका. अर्धवट वितळलेलं असताना कात्रीने बोटाच्या पेरा एवढे तुकडे छान होतात. मग गार कढईत किंवा लोखंडी तव्यावर तुकडे पसरा, तेल नाही, आणि मंद गॅस लावा. तवा तापवून टाकलं तर चरबी सुटायच्या आधीच बाहेरून जळतं. सुरवातीला पांढरा फेस येतो, तो मुरवताना आत गेलेल्या पाण्याचा, आणि चुरचुर आवाज मोठा असतो. घाई करून गॅस वाढवू नका. पाणी उडालं की आवाज बारीक होतो, बुडबुडे लहान होतात, चरबी काचेसारखी होऊन मग सोनेरी व्हायला लागते, आठ-दहा मिनिटं लागतात. पूर्ण कडक व्हायच्या जरा आधीच काढा, कागदावर ठेवल्यावर ते अजून कुरकुरीत होतं.

खाली उरलेली चरबी हाच खरा मसाला आहे. त्यातच एक कांदा परता, हवी तर ती मिरची, आणि कांद्यासकट दोन चमचे चरबी मॅशमध्ये घाला, तेवढं बटर कमी करा. जास्तीची चरबी सिंकमध्ये ओतू नका, थंडीत ती पाइपात गोठते आणि मग प्लंबरला फोन. वाटीत गार करून फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी अंड्याला वापरा.

अर्धं बेकन वाढायच्या अगदी आधी मिसळा आणि अर्धं वरून, सगळं आधीच मिसळून ठेवलं तर वाफेने मऊ पडतं आणि एवढी मेहनत फुकट. वाढताना भाताला वरणासाठी करतो तसं मॅशच्या ढिगाला मध्ये आळं करायचं आणि त्यात चरबी-कांदा किंवा ग्रेव्ही ओतायची, डच लोकही असंच वाढतात. बाजूला काहीतरी आंबट पाहिजेच, व्हिनेगरमधली काकडी, मस्टर्ड, नाहीतर आपलं लिंबाचं लोणचं. वाईन कुठली असं विचारणारे बरेच आहेत, नाशिकच आहे शेवटी, तर इथली शेनिन ब्लां थंड करून घ्या, चरबीला तिचा आंबटपणा बरा कापतो.

बेकन पोर्कचं असतं हे पाकिटावर लिहिलेलं आहे तरी परत सांगतो, पाहुणे येणार असतील तर आधी विचारून घ्या. चिकन बेकनही ठेवतो, पण त्याला चरबी फारशी सुटत नाही, तेव्हा तव्यावर चमचाभर बटर घाला आणि मॅशमध्येही बटर पूर्ण मापाने. घरात काही जण शाकाहारी असतील तर मॅश दोन भांड्यांत वेगळा करा आणि त्यांच्या वाट्याला मशरूम आणि तुपात तळलेला लसूण, डाव मात्र वेगळा ठेवा.

आणि विकणाऱ्याने सांगू नये अशी गोष्ट, पण सांगतो. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बेकन, सॉसेजसारखं प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलं. हे रोजच्या डब्यातलं खाणं नाही. बीपीवाल्यांनी तर मिठाचा विचार करूनच घ्यावं. महिन्यातून एखाद्या थंड संध्याकाळी, भरपूर भाजी घालून, असं आमचं म्हणणं, मग आमचं पाकीट कमी खपलं तरी चालेल.

उघडलेलं पाकीट फ्रीजमध्ये घट्ट बंद करून ठेवा आणि आठवड्यात संपवा. एकदा वितळलेलं परत फ्रीझरमध्ये टाकू नका, लागेल तेवढंच काढता यावं म्हणून आम्ही छोटी पाकिटं करतो. लाईट गेली तर दार उघडून बघत बसू नका, बंद फ्रीजमध्ये साधारण चार तास थंडावा टिकतो, त्यापुढे गेली तर उघडलेलं बेकन टाकून द्या. उरलेला मॅश दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये आणि दोन दिवसांत फस्त. दुसऱ्या दिवशी त्याचे जाडसर गोळे थापून तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा, फार हलवू नका, खाली कवच धरू द्या. खरं सांगायचं तर काही जण या टिक्कीसाठीच मॅश जास्त करतात.

भाजीची पिशवी हवी असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सांगा, मेथी सकाळी येते आणि दुपारपर्यंत मान टाकते, मग आम्ही ती देत नाही, कोबी देतो. मार्गशीर्षातल्या गुरुवारी पोर्कचं फ्रीझर बंद असतं, फक्त बटाटे आणि भाजी मिळेल.