तेराव्या मिनिटाचा कडा

भात कापून झालं की बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत कबड्डीची मैदानं आखली जातात. गेल्या हंगामात अशाच एका सामन्यात आमच्या गावचा संघ चार गुणांनी हरला. गुणफलक खाली उतरायच्या आधीच पराभवाचं कारण ठरून गेलं होतं. "शेवटच्या पाच मिनिटांत घालवलं बघा." पारावर तेच, चहाच्या टपरीवर तेच. शेवटच्या चढाईत पकडला गेलेला पोरगा तर दोन दिवस कुणाच्या नजरेस पडला नाही.

माझ्याकडे मात्र त्या सामन्याचा आलेख होता. गुणलेखकाच्या टेबलामागे बसून मी प्रत्येक चढाईनंतर चौकटीच्या कागदावर एक ठिपका देत होतो. "काय लिहूलैस रे?" म्हणून तात्यांनी दोनदा विचारलं, मग चौकटी बघून "गणिताचा पेपर हाय काय" म्हणाले आणि मैदानाकडे वळले. गुणलेखक कन्नडमध्ये पुकारत होता, ऐदु, आरु, म्हणजे पाच, सहा. मी मराठीत चौकटी मोजत होतो. आमच्याकडे याचं कुणाला काही वाटत नाही.

आलेख अगदी साधा. आडव्या रेषेवर चढाईचा क्रमांक. एक चढाई ३० सेकंदांची, सामना ४० मिनिटांचा, म्हणजे ८० च्या आसपास ठिपके. उभ्या रेषेवर आमचे गुण वजा त्यांचे गुण. रेषा शून्याच्या वर असली की आम्ही पुढे, खाली गेली की मागे. ही युक्ती जुनी आहे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने १७८६ मध्ये इंग्लंडच्या डेन्मार्क-नॉर्वेशी चाललेल्या व्यापाराचा आलेख काढला: एक रेषा आयातीची, एक निर्यातीची, आणि दोन्हींमधली जागा रंगवलेली. कुठवर तोटा आणि कुठून फायदा, ते एका नजरेत कळतं. मिळवलेले आणि दिलेले गुण हाही व्यापारच.

आमच्या सामन्यात बाराव्या मिनिटापर्यंत रेषा तीन चौकटी वर होती. तेराव्या मिनिटाला ती जी कोसळली, ती सतरा मिनिटं होईपर्यंत शून्याच्या सहा चौकटी खाली. नऊ गुणांचा सरळ कडा. त्यानंतर रेषा अडखळत वर चढली, पस्तिसाव्या मिनिटाला फरक फक्त एका गुणाचा उरला, आणि तिथून घसरून चारवर सामना संपला. म्हणजे ज्या पाच मिनिटांवर अख्खं गाव तुटून पडलं होतं, त्यांनी तीन गुण घालवले. कड्याने नऊ. कडा सोडला तर उरलेल्या सामन्यात आम्ही पाच गुणांनी पुढेच होतो! पण एका गुणाच्या फरकावर श्वास रोखून पाहिलेलं डोक्यात राहतं. पहिल्या डावात कुणी भडंग खात असताना गेलेले नऊ गुण राहत नाहीत.

इथे एक गंमत सांगायला हवी. आधी मी रेषेऐवजी खांबांचा आलेख काढला होता. दर पाच मिनिटांचा एक खांब, मिळवलेले गुण वर, दिलेले खाली. त्यात कडा दिसेचना. का, तर तो तेराव्या ते सतराव्या मिनिटात पसरलेला. पाच गुण अकरा-ते-पंधराच्या खांबात गेले, चार सोळा-ते-वीसच्या. दोन मध्यम उंचीचे खांब, डोळ्यांत भरण्यासारखं काही नाही. शेवटची पाच मिनिटं मात्र नेमकी एका खांबात बसली. पारावरच्या मंडळींना हा आलेख दाखवला असता तर ते म्हणाले असते, बघा, आम्ही काय म्हणत होतो! आकडे तेच, फक्त कात्री कुठे चालवली त्यावर गोष्ट बदलते. म्हणून खांब काढायचेच असतील तर सुरुवात दोन-तीन मिनिटं मागेपुढे सरकवून पुन्हा काढून बघावेत. एका सरकवण्यात नाहीसा होणारा खांब फार मनावर घेऊ नये.

बरं, पण कडा तरी खरा कशावरून? निव्वळ नशिबानेही रेषा कोसळते. नाणं २० वेळा उडवा, छाप आला की एक चौकट वर, काटा आला की एक खाली. आपल्याला वाटतं रेषा शून्याभोवती घुटमळेल, दोन्ही बाजू आलटून पालटून पुढे राहतील. प्रत्यक्षात, बरोबरीच्या क्षणी आधी पुढे असलेल्यालाच पुढे धरलं, तर एकच बाजू सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुढे राहण्याची शक्यता ३५ टक्के निघते. आणि आघाडी अगदी निम्मी-निम्मी वाटली जाण्याची? जेमतेम ६ टक्के. पॉल लेव्ही या फ्रेंच गणितज्ञाने १९३९ मध्ये मांडलेल्या नियमाचं हे छोटं रूप. नाण्याला ना दम लागतो, ना त्याचं मनोधैर्य खचतं, तरी त्याच्या रेषेत समालोचकाला तासभर बोलता येईल इतकं नाट्य असतं.

मग मी भिशीच्या चिठ्ठ्यांचा स्टीलचा डबा घेतला. सामन्यातल्या प्रत्येक चढाईचा निकाल एका चिठ्ठीवर लिहिला: अधिक एक, वजा एक, वजा तीन, शून्य, जे असेल ते. डबा हलवून चिठ्ठ्या एकेक काढत गेलो आणि नव्या क्रमाने रेषा आखली. गुण तेच, क्रम तेवढा विस्कटलेला. असं आठ-दहा वेळा केल्यावर हात भरून आले. तीन गुणांची घसरगुंडी जवळजवळ प्रत्येक रेषेत कुठे ना कुठे होती. नऊचा कडा एकातही नव्हता. आठ-दहा वेळांवरून छातीठोक बोलता येत नाही, संगणक हेच काम दहा हजार वेळा क्षणात करतो. पण दिशा कळली. शेवटची घसरण नशिबात खपून जाण्यासारखी होती, कडा तसा वाटत नव्हता.

कागद तात्यांना दाखवला. ते जुने खेळाडू, कोपऱ्यात खेळलेले. बोट कड्यावर ठेवून त्यांनी एकच विचारलं, "हितं आत गडी किती होते?"

ते मी लिहिलंच नव्हतं.

कबड्डीची रेषा नाण्यासारखी नसण्याचं कारण त्या प्रश्नात आहे. नाण्याला मागचं काही आठवत नाही. कबड्डीच्या मैदानाला आठवतं. बाद झालेला गडी बाहेर बसतो, तो संघाने समोरचा गडी बाद केल्यावर आत येतो. सातजण असताना साखळी करून पकड करता येते, चारजण उरले की साखळी तुटते, समोरचा चढाईपटू निर्धास्त शिरतो, आणखी एक टिपतो. गुण गेल्यामुळे पुढचा गुण जाणं सोपं होतं. मैदानावरचा माइक कर्ण्याच्या समोर आला की कुईऽऽ करून ओरडतो, तोच हा प्रकार: कर्ण्याचा आवाज माइकमध्ये, माइकचा पुन्हा कर्ण्यात. फीडबॅक म्हणतात तो हाच. सगळे बाद झाले की लोण, त्याचे दोन गुण जादा, आणि सातही गडी परत आत. म्हणजे मधे एकही गडी परत न आणता लोण बसला तर किंमत दोन नाही, सात अधिक दोन, नऊ. आमच्या कड्याची उंची मोजा.

खेळाचे नियम करणाऱ्यांनी या कुईला आवर घालायचाही बंदोबस्त केलाय. आत सहापेक्षा कमी गडी असले की चढाईपटूला बोनस, म्हणजे बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण, मिळत नाही. तीन किंवा कमी गड्यांनी पकड केली तर अव्वल पकड, एकाऐवजी दोन गुण.

रग्बी लीग या रग्बीच्या एका प्रकारात असाच फीडबॅक वेगळ्या दाराने येतो. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या रग्बी क्लबांनी, खेळासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी या वादातून, वेगळी चूल मांडली. त्यातून झालेल्या या खेळात १३-१३ खेळाडू, ८० मिनिटं, आणि ट्रायचे, म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवल्याचे, चार गुण, वर किक बसली तर आणखी दोन. त्यामुळे तिथली रेषा चार-सहाच्या पायऱ्यांनी चालते. गुणांऐवजी किती वेळा गुण झाले ते मोजलं तर चित्र जास्त खरं उमटतं. पण मुद्दा पुढचा आहे. गुण झाल्यावर चेंडू कोण मारतं? ज्यांच्यावर गुण झाला ते. म्हणजे चेंडू पुन्हा बहुधा गुण करणाऱ्यांच्याच हातात, आणि सहा टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला सहा वेळा धरून अडवणं, होईपर्यंत त्यांच्याकडेच. फुटबॉलमध्ये उलट, गोल खाल्लेला संघ चेंडू घेऊन सुरू करतो. नियमपुस्तकातल्या या एका ओळीमुळे रग्बी लीगच्या आलेखात लागोपाठच्या पायऱ्या दिसल्या तर "मनोधैर्य खचलं" म्हणण्याआधी चेंडू कुणाकडे होता ते पाहावं लागतं.

पुढच्या सामन्याला मी वहीत तिसरा रकाना आखला, आत किती गडी. दोन चढायांच्या मधे ते मोजणं एकट्याला जमेना. तो पकडला गेलेला पोरगा त्या दिवशी राखीव होता. त्यालाच शेजारी बसवलं. त्याने सातापासून खाली मोजायला सुरुवात केली.