इंजिन माउंट (ए४००एम मालवाहू विमान)

इंजिनाला पंखाशी धरून ठेवणारा सांगाडा म्हणजे इंजिन माउंट. एअरबसच्या ए४००एम या लष्करी मालवाहू विमानात हे काम जरा जास्तच अवघड आहे. त्याची चार टीपी४००-डी६ टर्बोप्रॉप (टर्बाइनवर प्रोपेलर फिरवणारी) इंजिनं प्रत्येकी साधारण ११,००० हॉर्सपॉवरची, प्रत्येकावर ५.३ मीटर व्यासाचा आठ पात्यांचा प्रोपेलर, आणि हा सगळा पसारा पंखाच्या पुढे बाहेर लटकलेला.

माउंटवर नुसतं वजन येत नाही. प्रोपेलरची ओढ त्याच्यातूनच पंखात जाते, टॉर्कमुळे पीळ बसतो, विमानाने नाक वर-खाली केलं की फिरता प्रोपेलर भलतीकडेच म्हणजे बाजूला जोर लावतो, वर लँडिंगचे दणके, आणि लष्करी विमान म्हटल्यावर कच्च्या धावपट्टीवरचेही. एका पंखावरचे दोन प्रोपेलर एकमेकांच्या उलट फिरतात, पण त्यामुळे कुठल्याच माउंटचा स्वतःचा पीळ काही चुकत नाही.

नुसती ताकद असून भागत नाही, ताठपणा लागतो, आणि खरी गोम इथेच आहे. माउंट ढिला पडला तर प्रोपेलरचा आस मंदावलेल्या भोवऱ्यासारखा डुलायला लागतो आणि ते डुलणं वाढत जाऊन पंखच तुटू शकतो. याला व्हर्ल फ्लटर म्हणतात. लॉकहीड इलेक्ट्रा या प्रवासी विमानाचे १९५९ आणि १९६० चे दोन अपघात यातूनच झाले, नंतर माउंट मजबूत करावे लागले. उलट कंपनं केबिनपर्यंत जाऊ नयेत म्हणून माउंटमध्ये थोडा मऊपणाही हवाच, त्यामुळे डिझाइन करणाऱ्याची दोन्हीकडून ओढाताण.

चाचणीत आधी कॉम्प्युटरवर हिशोब, मग रिगवर, म्हणजे चाचणीच्या सांगाड्यावर, हायड्रॉलिक जॅकने ओढून-ढकलून स्ट्रेन गेजचे (भाग किती ताणला गेला ते मोजणाऱ्या पट्ट्यांचे) आकडे बघायचे. लिमिट लोडला (वापरात येऊ शकणाऱ्या सगळ्यात जास्त भाराला) कायमचा वाक राहता कामा नये, दीडपट लोड ३ सेकंद तरी सोसला पाहिजे. फटीग टेस्ट, म्हणजे पुन्हा पुन्हा भार देऊन थकवण्याची चाचणी, वेगळीच. शिवाय माउंटचा कुठलाही एक भाग तुटला असं धरूनही फ्लटर होत नाही हे दाखवावं लागतं, हा नियम मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

टीपी४०० पहिल्यांदा उडालं ते १७ डिसेंबर २००८ ला, मार्शल कंपनीने केंब्रिजला तयार केलेल्या सी-१३० या जुन्या मालवाहू विमानावर, चारपैकी एका इंजिनाच्या जागी. पण सी-१३० चा पंख धातूचा आणि ए४००एमचा मुख्यतः कार्बन फायबरचा, म्हणजे ताठपणा वेगळा, म्हणून फ्लटरचा निकाल खुद्द ए४००एमवरच लागणार होता. ए४००एम ११ डिसेंबर २००९ ला स्पेनमधल्या सेव्हिलहून पहिल्यांदा उडालं. फ्लटर टेस्टमध्ये वेग टप्प्याटप्प्याने वाढवतात, मुद्दाम कंपन देतात आणि ते किती लवकर विरतं ते बघूनच पुढच्या वेगाला हात घालतात.