लोखंडी चोळी अन् वेचणीचा फुलशर्ट

दिवाळीत भाची आली होती आमच्या गावी, यवतमाळकडं, अन् कापसाची वेचणी चालू असताना धुऱ्यावर बसून मोबाईलवर गेम खेळून राहिली होती. तिची योद्धा बाई पाहिली तर हातात माणसाएवढी तलवार, छातीवर वाट्या ठोकल्यासारखी लोखंडी चोळी, अन् पोट-मांड्या उघड्या. समोर पऱ्हाटीत आमच्या बाया, लुगड्यावर नवऱ्याचा फुलशर्ट, तोंडाला दुपट्टा, कारण बोंडाची वाळलेली टोकं हात ओरबाडून काढतात. म्हटलं, पोट्टे, लढाईले यातली कोणती नेशील? ती म्हणे, "मामा, उघडं असलं तर गरम होत नाही ना."

इथंच गडबड आहे. आपली कातडी साधारण ३५ अंशांवर असते, अन् मे महिन्यात आपल्याकडं हवा ४५ वर जाते, म्हणजे हवाच अंगाला तापवते, त्यात वरून ऊन. अशा वेळी सैल सुती कपडा ऊन अडवतो अन् घाम वाळत राहतो. आता उन्हात तापलेला पत्रा थेट कातडीवर ठेवून पाहा (नका ठेवू). खरं चिलखत असं नुसतं कोणी घालतच नव्हतं, आत जाड शिवलेला अंगरखा असायचा, आपल्या गोधडीसारखा. युरोपात त्याला अ‍ॅकेटन म्हणत, हा शब्द अरबी अल्-कुत्नवरून आला, म्हणजे चक्क कापूस! घाव लोखंडावर बसला तरी हादरा हाडापर्यंत जातो, तो मधल्या मधे हा अंगरखा खातो. अन् एवढा थर आत घातल्यावर बाईचं चिलखत काय अन् माणसाचं काय, बाहेरून सारखंच दिसणार, वाट्यांची गरजच उरत नाही.

उलट वाट्या धोक्याच्या. खऱ्या चिलखताची छाती बाहेर फुगलेली असते, पावसाचं पाणी कवेलूवरून ओघळतं तसं भाल्याचं टोक त्यावरून बाजूला घसरतं. दोन वाट्या केल्या की मधे घळ तयार होते, टोक घसरून नेमकं तिथं येतं, अन् खाली छातीचं मधलं हाड, त्यामागं काळीज.

मांडीचंही तसंच, तिथली मोठी धमनी कापली तर माणूस काही मिनिटांत संपतो. पण गेमवाल्यांची एक बाजू घ्यावी लागते. २०११ मध्ये इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठातल्या लोकांनी पूर्ण चिलखत घालून ट्रेडमिलवर माणसं चालवली, तर साध्या चालण्यापेक्षा दुपटीहून जास्त ताकद लागली, कारण पायावरचं लोखंड प्रत्येक पावलाले उचलावं लागतं. गाठोडं डोक्यावर नेणं अन् तेच वजन पायाले बांधून नेणं, करून पाहा. म्हणून पायाचं चिलखत कमी केलं तर समजू शकतो, पण पोट उघडं ठेवून खांद्यावर हे मोठाले पत्रे? त्याले काही लॉजिक नाही.

अन् बाया लढतच नव्हत्या असंही नाही. स्वीडनमध्ये बिर्का इथं १८७८ मध्ये एक कबर खणली, त्यात तलवार, कुऱ्हाड, भाले, बाण अन् दोन घोडे. शंभरावर वर्षं सगळे धरून चालले की हा पुरुष, २०१७ मध्ये डीएनए पाहिला तर बाई निघाली. ती खरंच लढायची का यावर अजून वाद आहे, पण हाडं पुरुषाची होती तोवर ही शंका कोणाले फारशी आली नव्हती.

भाचीनं मंग गेमच्या दुकानात शोधलं. फुल बाह्यांचं चिलखत सापडलं, पण ते फक्त पोट्ट्यांच्या कॅरेक्टरले चढत होतं.