ब्रिटनची तांबडी खार: दीडशे वर्षांची पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये तांबड्या खारीला मदत करायची म्हटलं की लोक आधी बागेत दाण्यांची पेटी टांगतात. भावना चांगली असते, पण त्याच पेटीपायी खारी मरूही शकतात. असं का, हे समजायला १८७६ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी इंग्लंडच्या चेशरमधल्या हेनबरी पार्कात उत्तर अमेरिकेच्या राखाडी खारी सोडल्या गेल्या. बड्या घरांची ती हौस. १८९० पासून बेडफर्डच्या ड्यूकने आपल्या वोबर्न इस्टेटीतून त्या जागोजाग भेट म्हणून पाठवल्या आणि १९११ मध्ये त्या आयर्लंडच्या लाँगफर्ड परगण्यातही पोचल्या. तांबडीबद्दल तेव्हा फारसा कळवळा नव्हता. ती कोवळ्या झाडांची साल सोलते म्हणून स्कॉटलंडच्या हायलँड भागात १९०३ साली तिला मारण्यासाठी खास क्लब निघाला होता.

राखाडी खार आणण्यावर आणि पाळण्यावर १९३७ मध्ये बंदी आली, पण तोवर ती रानोमाळ झाली होती. १९५३ मध्ये सरकारने शेपटीमागे एक शिलिंग इनाम लावलं. शेपट्या ढिगाने जमल्या, खारी काही हटल्या नाहीत, आणि १९५८ मध्ये योजना गुंडाळावी लागली. सोप्या जागी मारलं की पैसे मिळत, त्यामुळे एखादं रान पुरतं मोकळं करण्याची गरज कुणालाच नव्हती. शेजारच्या रानातली पिल्लं वर्षभरात रिकामी जागा भरून टाकत.

राखाडी खार तांबडीला मारून हाकलते, हा समज अजूनही ऐकू येतो. खरा प्रश्न पोटाचा आहे. तांबडीचं वजन साधारण ३०० ग्रॅम, राखाडीचं जवळपास दुप्पट. ओकच्या फळांतलं टॅनिन हे तुरट द्रव्य राखाडीला पचतं, तांबडीला नीट पचत नाही. त्या फळांवर राखाडी हिवाळा काढते, शिवाय हेझलनटही फस्त करते. तांबडी लगेच मरत नाही; तिची वीण घटते, पिल्लं तग धरत नाहीत. पाइन-स्प्रूसच्या रानात हा तोटा कमी, म्हणून स्कॉटलंडमध्ये आणि इंग्लंडच्या किल्डर जंगलात ती टिकली.

त्यावर कळस स्क्विरलपॉक्सचा. हा विषाणू राखाडी खार सहज अंगावर वागवते. तांबडी बहुतेकदा दोन आठवड्यांच्या आत दगावते. पापण्या सुजून चिकटतात, नाका-तोंडाभोवती आणि पंजांवर ओल्या खपल्या धरतात, आणि माणूस जवळ गेला तरी ती गुंगीत बसून राहते. २००८ मध्ये इंग्लंडमधल्या फॉर्म्बीच्या किनारी पाइनवनात या साथीने दहातल्या आठांहून अधिक खारी नेल्या.

आता पेटीकडे बघा. झाकण प्रत्येक खार डोक्याने वर ढकलते आणि तोंड त्याच लाकडी कडेला घासतं; आजारी खारीचा विषाणू तिथूनच दुसरीला लागू शकतो. म्हणून पेटी दर आठवड्याला उतरवायची. आधी गरम साबणपाण्याने घासायची, कारण मळावर जंतुनाशक नीट चालत नाही. मग जंतुनाशक लावायचं, धुवायची, पूर्ण वाळवायची. दोन पेट्या आलटून-पालटून वापरल्या तर हे जमतं. नुसते शेंगदाणे घालू नयेत, त्यांत कॅल्शियम कमी असतं आणि हाडं ठिसूळ होतात. कवचासकट हेझलनट, समुद्रफेसाचा (कटलफिशच्या हाडाचा) तुकडा आणि ताजं पाणी ठेवावं. आजारी खार किंवा एकही राखाडी खार दिसली की सगळं खाद्य त्याच दिवशी काढायचं आणि स्थानिक संवर्धन गटाला कळवायचं.

कुठे कोणती खार दिसली याच्या नोंदी करतानाही गफलत होते. राखाडीच्या अंगावर तांबूस झाक असू शकते आणि हिवाळ्यात तांबडीची पाठ करडी दिसते. पाइनच्या कुरतडलेल्या शंकूवरून दोघींतला फरक कळत नाही. फोटो, तारीख आणि नेमकी जागा असेल तरच नोंद कामाची.

अशा नोंदींचं मोल वेल्सच्या अँगलसी बेटावर कळतं. १९९८ मध्ये तिथे तांबड्या खारी जेमतेम ४० उरल्या होत्या. त्या वर्षी राखाडी खारी पकडायला सुरुवात झाली आणि शेवटची सापडेपर्यंत, म्हणजे दीड दशक, काम थांबलं नाही. आज तिथे तांबड्या खारी शेकड्यांनी आहेत. पण बेट आणि मुख्य भूमी यांमधल्या मेनाई सामुद्रधुनीवर पूल आहेत, त्यामुळे पलीकडच्या किनाऱ्यावर राखाडी दिसल्याची नोंद लवकर पोचणं अजूनही तितकंच गरजेचं आहे.